सहा किलोमीटरच्या चौकोनात नेमके काय कळते?

२६ मे २०२५ या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. नैऋत्य मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा शंभर वर्षांहून जुना विक्रम मोडला आणि आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रोचे नवेकोरे स्थानक पाण्याने भरले. त्याच दिवशी दिल्लीत ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या सहा किलोमीटर जाळीच्या हवामान प्रारूपाचे, म्हणजे वातावरणाचे सहा-सहा किलोमीटरांचे चौकोन पाडून पुढचे हवामान संगणकावर काढणाऱ्या गणिती रचनेचे, लोकार्पण झाले. पुण्याच्या पाषाण भागातल्या आयआयटीएम या उष्णदेशीय हवामानशास्त्राच्या संस्थेत हे प्रारूप विकसित झाले असून तिथल्याच ‘अर्क’ या महासंगणकावर ते चालते. तोपर्यंत आपला हवामान विभाग बारा किलोमीटर जाळीचे जागतिक प्रारूप वापरत होता, आणि ज्याच्याकडे जगभरचे हवामानतज्ज्ञ आदराने पाहतात त्या युरोपीय हवामान अंदाज केंद्राचे जागतिक प्रारूप नऊ किलोमीटर जाळीचे आहे. हे लक्षात घेतले तर त्या दिवशी व्यक्त झालेला अभिमान रास्तच होता.

त्या अभिमानाबरोबर आणखी एक आश्वासन दिले गेले, ते असे की आता अंदाज थेट पंचायतीच्या पातळीवर मिळेल. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्येच ग्रामपंचायतनिहाय हवामान अंदाजाची सरकारी सेवा सुरू झाली होती आणि गावाचे नाव निवडले की पुढच्या पाच दिवसांचे आकडे मोबाइलवर दिसू लागले होते. माझा आक्षेप प्रारूपाला नाही, या आश्वासनाला आहे. जाळी बारीक झाल्याने प्रारूपाला डोंगर, किनारा आणि पावसाची एकूण ठेवण पूर्वीपेक्षा चांगली कळते. पण तो पाऊस नेमका कोणत्या गावात पडेल हे त्याच प्रमाणात चांगले कळू लागत नाही. हा भेद लोकांपुढे न ठेवता गावाच्या नावासमोर मिलिमीटरचा एक आकडा लिहून देणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि त्या आकड्यावर बियाणे मातीत टाकणाऱ्या माणसाच्या हिताचेही नाही.

आधी या प्रारूपाच्या बळाविषयी, कारण ते खरे आहे आणि महाराष्ट्राला त्याचा इतर बऱ्याच राज्यांपेक्षा अधिक उपयोग आहे. हवामान प्रारूप वातावरणाचे लहानलहान चौकोनी खण पाडते आणि प्रत्येक खणाला तापमान, आर्द्रता, वारा, दाब यांची एकेक किंमत देऊन पुढच्या क्षणी त्या किमती कशा बदलतील हे भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी काढत जाते. एका खणात एकच उंची बसते. सह्याद्री कोकणाच्या बाजूने काही किलोमीटरांतच जवळपास हजार मीटर उठतो. बारा किलोमीटरच्या खणांत हा कडा उरतच नाही, त्याचा लांबट उतार होतो. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा अशा उतारावरून सावकाश चढतो, आणि त्यामुळे प्रारूपातला घाटमाथ्याचा पाऊस खऱ्यापेक्षा कमी पडतो, शिवाय तो पूर्वेकडे सांडतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि तिथून घाट उतरून खाली आलेल्या वाईला तो हजाराच्या आतच थांबतो. हा फरक ज्या प्रारूपाला दाखवता येत नाही, त्याला पश्चिम महाराष्ट्राच्या पावसाविषयी फारसे काही सांगता येत नाही. सहा किलोमीटरच्या जाळीत कडा पुष्कळसा कड्यासारखा राहतो, आणि पर्जन्यछायेची रेघ जागेवर येते.

या बळाचा खरा उपयोग कुठे आहे, हे २५ जुलै २०२४ च्या पुण्यावरून चांगले समजते. त्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला, खडकवासला साखळीतल्या धरणांत पाण्याचा लोंढा आला, रात्रीतून विसर्ग वाढवत पस्तीस हजार क्युसेकच्या घरात न्यावा लागला आणि पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतील लोक तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरल्याने जागे झाले. अशा वेळी धरण सांभाळणाऱ्या अभियंत्याला टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला यांच्या पाणलोटात मिळून किती पाणी पडणार एवढेच हवे असते. पाऊस या ओढ्यावर पडला की पलीकडच्या, याने त्याला फरक पडत नाही, कारण सगळे पाणी शेवटी एकाच भिंतीपाशी येते. डोंगराच्या आकाराने ठरणारा पाऊस आणि शेकडो चौरस किलोमीटरची बेरीज, हे दोन्ही बारीक जाळीच्या प्रारूपाचे हक्काचे क्षेत्र आहे. एक-दोन दिवस आधी अशी बेरीज हाती असेल, तर धरणात दिवसाउजेडी आणि टप्प्याटप्प्याने जागा करता येते. कोयना असो, चिपळूणची वाशिष्ठी असो की पंचगंगा, पश्चिम महाराष्ट्रातल्या पुरांचे बरेचसे प्रश्न याच जातीचे आहेत. नव्या प्रारूपाचे लोकार्पण करताना ‘पंचायत’ या शब्दाऐवजी ‘पाणलोट’ हा शब्द वापरला गेला असता, तर मला या लेखाची गरजच वाटली नसती.

आता मर्यादेकडे. सहा किलोमीटरची जाळी आहे म्हणून प्रारूप सहा किलोमीटर आकाराची घटना पाहू शकते, असा समज होणे स्वाभाविक आहे, पण तो बरोबर नाही. वातावरणातली एखादी लाट किंवा वादळी ढगांचा समूह प्रारूपात नीट उमटायचा, तर त्याच्या रुंदीत साधारण सहा-सात खण पडावे लागतात. त्याहून लहान गोष्टी आकडेमोडीत पुसट होतात. म्हणजे सहा किलोमीटरच्या प्रारूपाची खरी नजर चाळीस किलोमीटरच्या आसपासची. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली कोकणपट्टी तरी किती रुंद आहे? तीस ते पन्नास किलोमीटर. ज्या रुंदीत रायगड जिल्ह्याचा किनारा, खाड्या, भातखाचरे आणि डोंगरपायथा असे सगळे मावते, ती रुंदी या प्रारूपाला जेमतेम एक सलग वस्तू म्हणून दिसते.

त्यातच ढगांची अडचण आहे. गडगडाटी ढगात हवा वर चढते तो झोत एक ते काही किलोमीटर रुंदीचा असतो, आणि तो सहा किलोमीटरच्या खणात मावून हरवतो. जाड जाळीच्या प्रारूपांत ढग स्वतः काढले जात नाहीत. खणातल्या एकूण परिस्थितीवरून ‘इथे इतके ढग असतील, इतका पाऊस देतील’ असा ठोकताळा सूत्राने बसवला जातो. जाळी एक-दोन किलोमीटरपर्यंत आली की सूत्र काढून टाकून प्रारूपाला स्वतः ढग वाढवू देता येतात. एक ते दहा किलोमीटरच्या मधला टापू मात्र सर्वांत अवघड आहे, कारण तिथे सूत्र पूर्ण लागूही पडत नाही आणि ढग पूर्ण उमटतही नाही. नवे भारतीय प्रारूप नेमके याच टापूत आहे. त्यात ते करणाऱ्यांचा दोष नाही. आख्ख्या पृथ्वीचे प्रारूप याहून बारीक करून रोज वेळेत चालवणे आजच्या यंत्रांनाही फार जड जाते. ब्रिटनचे दीड किलोमीटर आणि अमेरिकेचे तीन किलोमीटर जाळीचे प्रारूप आहे, पण ती त्या-त्या भूभागापुरती आहेत.

बरे, जाळी आणखी बारीक केली तर प्रश्न सुटेल का? इथे २६ जुलै २००५ ची आठवण अपरिहार्य आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, विहार तलावापाशी तो हजाराच्याही पुढे गेला, आणि सांताक्रूझपासून वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला पडला अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरात एकीकडे मिठी नदीने माणसे वाहून नेली आणि दुसरीकडे दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरात काय चालले आहे याचा कित्येक तास पत्ता नव्हता. नऊशे मिलिमीटरची पूर्वकल्पना त्या वेळी कोणत्याही अंदाजाने दिली नव्हती. नंतर देशातल्या आणि बाहेरच्या संशोधकांनी हा दिवस बारीक जाळीच्या प्रारूपांत पुन्हा चालवून पाहिला, तेव्हा प्रारूपे प्रचंड पाऊस घडवून आणू शकली, हे मोठेच यश होते. पण ढगांचे सूत्र बदलले, सुरुवातीच्या नोंदी थोड्या बदलल्या, की त्या पावसाचा गाभा सरकत होता आणि त्याची मात्राही बदलत होती. वीस किलोमीटर सरकणे ही शास्त्राच्या दृष्टीने लहान चूक आहे. मुंबईत मात्र तेवढ्या अंतरात सांताक्रूझचे कुलाबा होते. २०२५ च्या त्या मे महिन्यातल्या दिवशी तर उलटे घडले: झोडपले गेले ते कुलाबा, आणि सांताक्रूझला त्या मानाने पाऊस बराच कमी होता.

या वीस किलोमीटरांमुळे अंदाजांच्या मूल्यमापनातही एक अन्याय घडतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय बारीक जाळीविषयी कुठलाही निवाडा करू नये. समजा, एका प्रारूपाने नऊशे मिलिमीटरचा पाऊस दाखवला, पण सांताक्रूझऐवजी ठाण्याच्या खाडीवर. केंद्रनिहाय गुण मोजले, तर ते दोनदा नापास होते: जिथे पडला तिथे दाखवला नाही म्हणून एकदा, आणि जिथे दाखवला तिथे पडला नाही म्हणून पुन्हा एकदा. दुसऱ्या, जाड जाळीच्या प्रारूपाने सबंध मुंबईवर सरसकट दीडशे मिलिमीटर पसरवले, तर त्याची चूक एकदाच मोजली जाते आणि कागदावर तेच सरस ठरते. प्रत्यक्षात शहर हादरवणाऱ्या संकटाची चाहूल पहिल्यानेच दिली होती. म्हणून हवामानशास्त्रात आता बिंदूऐवजी परिसर धरून तपासणी करतात: अमुक तीव्रतेचा पाऊस दहा, वीस, पन्नास किलोमीटरच्या परिसरात किती भागावर दाखवला आणि किती भागावर पडला. या तपासणीतून प्रत्येक प्रारूपाबाबत एक अंतर हाती येते, ज्याच्या खाली त्या अंदाजावर विसंबता येत नाही. मुसळधार सरींच्या बाबतीत हे अंतर जाळीच्या आकारापेक्षा नेहमीच बरेच मोठे निघते. ते अंतर कोकणासाठी किती, विदर्भासाठी किती, पहिल्या दिवशी किती आणि तिसऱ्या दिवशी किती, हे आकडे अंदाजाबरोबरच लोकांपुढे यायला हवेत. गावाच्या नकाशावर घर न् घर काढले म्हणून कोणत्या घरात आज कोण मुक्कामाला आहे हे कळत नाही. तसेच जाळीच्या आकाराचे आहे.

पाऊस सरकतो तो मुख्यतः सुरुवातीच्या माहितीमुळे. प्रारूपाला ‘आत्ता या क्षणी वातावरण कसे आहे’ हे प्रत्येक खणासाठी सांगावे लागते आणि खण लहान झाले की सांगायच्या किमतींची संख्या वाढते, मोजणाऱ्या उपकरणांची वाढत नाही. हवेच्या वरच्या थरांची प्रत्यक्ष मोजणी फुग्यांना बांधलेली उपकरणे करतात. ती पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, सबंध देशात पन्नासएक ठिकाणांहून सोडली जातात. अरबी समुद्रावर, म्हणजे आपला पाऊस जिथून येतो तिथेच, प्रत्यक्ष मोजणी सर्वांत विरळ आहे आणि भिस्त उपग्रहांवर आहे. जमिनीवर रडार आहेत, पण रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते, त्यामुळे दोनशे किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंचीवर पोहोचलेला असतो. तितक्या दुरून पाहणाऱ्या रडारला त्या उंचीखाली ढगात काय चालले आहे ते दिसतच नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की सुरुवातीची चिमूटभर चूकही अशा गणितात वाढत जाते. ती सर्वच आकारांत सारख्या वेगाने वाढत नाही, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतो. एकेकट्या गडगडाटी ढगाचे भवितव्य काही तासांपलीकडे कळत नाही. बारीक जाळी नेमके हेच लहान आणि अल्पायुषी तपशील प्रारूपात आणते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या नकाशावर जे सुबक, धारदार ठिपके दिसतात, त्यांची ठेवण खरी असू शकते, पण त्यांचा पत्ता खरा असण्याचे काहीच कारण नसते.

हे सगळे मान्य केले की खर्चाचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. जाळी निम्मी केली की दोन्ही आडव्या दिशांना खण दुप्पट होतात आणि काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात, म्हणून आकडेमोड साधारण आठपट होते. बारावरून सहावर येणे आठपट, आणि सहावरून दीडवर जायचे तर चौसष्टपट. तीच संगणकशक्ती दुसऱ्या कामालाही लावता येते: किंचित वेगवेगळ्या सुरुवातींपासून तेच प्रारूप अनेकदा चालवायचे आणि निकाल किती पांगतात ते पाहायचे. वीसपैकी सोळा वेळा अतिवृष्टी आली तर धोका मोठा, चार वेळा आली तर कमी. चित्र एकच असले तर हे कळायला मार्ग नाही. आपल्या हवामान विभागाकडे २०१८ पासून बारा किलोमीटर जाळीचा असा एकवीस चालींचा, म्हणजे तेच प्रारूप एकवीस वेळा चालवण्याचा, समूह आहे, आणि तो अतिशय मोलाचा आहे. युरोपीय केंद्राने २०२३ मध्ये आपला समूहच नऊ किलोमीटरवर आणून ठेवला, म्हणजे एका सुंदर चित्राइतकेच अनेक चित्रांना महत्त्व दिले. आपल्याकडे मात्र सार्वजनिक चर्चा फक्त जाळीच्या आकड्याभोवती फिरते, कारण तो सांगायला सोपा आणि तुलनेत मिरवायला सोयीचा आहे. पुढची संगणकशक्ती कुठे लावायची, एका अधिक बारीक चालीत की सहा किलोमीटरच्या समूहात, हा प्रश्न लोकांचा पैसा खर्च होत असल्याने लोकांचाही आहे. माझे मत समूहाच्या बाजूने आहे.

या मताला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांनी अनपेक्षित पुष्टी दिली आहे. २०२३ मध्ये आलेले ग्राफकास्ट हे प्रारूप सुमारे अठ्ठावीस किलोमीटर जाळीचे होते, तरी दहा दिवसांपर्यंतच्या अंदाजांत त्याने बहुतांश निकषांवर युरोपीय केंद्राच्या नऊ किलोमीटरच्या प्रारूपाला मागे टाकले. अशी प्रारूपे टोकाचा पाऊस सपाट करतात, त्यामुळे २६ जुलैसारख्या दिवशी त्यांच्यावर विसंबता येणार नाही. पण जाळीचा आकार आणि अंदाजाची गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी पुरते स्पष्ट केले. आपल्याकडचे उदाहरण त्याहून बोलके आहे. २०२५ मध्ये मे अखेरीस धावत आलेला मोसमी पाऊस २९ मेच्या सुमारास अडखळला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकला नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने त्या हंगामात तेरा राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचे जे संदेश पाठवले, ते अशाच प्रारूपांवर आधारलेले होते आणि हा खंड त्यांत आधीच दिसला होता. त्यांतले एकही सहा किलोमीटर जाळीचे नव्हते. शेतकऱ्याला हवे असलेले उत्तर चौकोनाच्या बारीकपणात नव्हते, पुढच्या तीन-चार आठवड्यांत सलग पाऊस होण्याची शक्यता किती यात होते.

वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचा जूनमधला दिवस डोळ्यांसमोर आणा. दोन गडगडाटी सरी होऊन गेल्या आहेत, वखरलेली जमीन तयार आहे, सोयाबीनच्या पिशव्या घरात आहेत, शेजाऱ्याने काकऱ्या पाडायला सुरुवात केली आहे. मोबाइलवर गावाच्या नावापुढे ‘गुरुवार, १८ मिलिमीटर’ असे आहे. हा आकडा छत्तीस चौरस किलोमीटरच्या एका खणाची सरासरी आहे, आणि त्या खणात चार-पाच गावांची शिवारे येतात. जूनमधली सर एका शिवारात चाळीस मिलिमीटर देते आणि पलीकडच्या शिवारात धुरळाही बसवत नाही, हे त्या शेतकऱ्याला प्रारूपापेक्षा चांगले ठाऊक आहे. पण सरकारी अंदाजात आपल्याच गावाचे नाव आहे म्हटल्यावर तो त्या अठरावर विश्वास ठेवतो. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरू नका. त्या सल्ल्याला पूरक ठरेल असा अंदाज म्हणजे ‘आपल्या तालुक्यात येत्या दहा दिवसांत ७५ मिलिमीटरहून अधिक पाऊस होण्याची शक्यता दहात तीन’ हा. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो तीनवरही पेरेल, कारण उगवलेले वाचवण्याची सोय त्याच्याकडे आहे. ज्याच्याकडे नाही तो थांबेल. पेरणी लांबली तर थोडे उत्पन्न घटते, दुबार पेरणी करावी लागली तर बियाणे, खत आणि मजुरी यांवर केलेला सगळा खर्च मातीत जाऊन कर्ज वाढते. या दोन नुकसानींचे माप प्रत्येक घरात वेगळे आहे आणि ते फक्त त्या घरालाच माहीत असते. आकड्याऐवजी शक्यता देणे म्हणजे हा निर्णय ज्याचा त्याच्या हाती सोपवणे होय.

यावर ठरलेला आक्षेप असा येतो की लोकांना शक्यतेची भाषा कळत नाही, त्यांना ‘पडणार की नाही’ एवढेच हवे असते. मला हे मान्य नाही. जो माणूस कपाशी किती आणि तूर किती हे ठरवतो, सावकार आणि बँक यांत तोलून पाहतो, बाजारभाव चढेल या आशेवर माल घरात ठेवतो, तो आयुष्यभर शक्यतांचेच हिशेब करत असतो. आज हवामान विभागाच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ असे शब्द येतात. त्यांमागे केंद्रांच्या टक्केवारीच्या ठरलेल्या मर्यादा आहेत, पण त्या कुणी कधी समजावून सांगितल्या नाहीत. लोक ठाम भाकिताकडे वळतात ते शास्त्रीय अंदाज किती वेळा खरा ठरला हे त्यांना पाहायला मिळत नाही म्हणून. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीतून होणाऱ्या भाकिताची बातमी दरवर्षी राज्यभर छापून येते, आणि त्या परंपरेमागची शेतकऱ्याची आस मला पूर्ण समजते. हवामानशास्त्राला त्याहून वेगळे ठरायचे असेल, तर त्याच्याकडे एकच साधन आहे: आपल्या अंदाजाची हंगाम संपल्यावर उघड पडताळणी.

महाराष्ट्रात ही पडताळणी करण्याइतकी सामग्री जमलेली आहे. ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळाच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरायची आणि पंचनामे करायचे, हा सरकारी व्यवहार याच नोंदींवर चालतो. मुंबईत महापालिकेची स्वतःची केंद्रे आहेत. एकीकडे रोजचा सहा किलोमीटरचा अंदाज आणि दुसरीकडे मंडळानिहाय मोजलेला पाऊस, या दोन्ही गोष्टी सरकारच्याच ताब्यात असताना त्या कधी एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडून लोकांपुढे आल्या नाहीत, तर पंचायत पातळीचा दावा तपासायचा कशाने? केंद्रांच्या नोंदींतही दोष असतात, काही केंद्रे झाडाच्या आडोशाला किंवा भिंतीला लागून आहेत अशा तक्रारी गावोगाव ऐकू येतात. त्या दूर करणे हा हवामान अंदाज सुधारण्याचाच भाग आहे, महासंगणकाइतका दिमाखदार नसला तरी.

डोंगरकुशीतल्या वस्त्यांचा विषय मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे, कारण तिथे अंदाजाची मर्यादा सर्वांत क्रूर होते. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचे तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी: दोन्ही वस्त्यांवर दरड कोसळली. बारीक जाळीचे प्रारूप सह्याद्रीच्या या पट्ट्यात तीव्र पाऊस होणार हे आज अधिक विश्वासाने सांगू शकते, आणि हे सांगणे जीव वाचवू शकते. कोणता उतार सुटेल हे ते सांगू शकत नाही. ते माती, खडक, तोडलेली झाडे आणि खणलेले रस्ते यांवर ठरते. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. ज्या यादीत गाव नाही, त्या गावाला सहा किलोमीटरचा काय किंवा एक किलोमीटरचा काय, कोणताही अंदाज हलवू शकत नाही. अंदाज आणि स्थलांतर यांच्या मध्ये भूशास्त्रज्ञ, तलाठी, पोलीस पाटील अशी माणसांची साखळी लागते.

शेतीतही अशी साखळी होती. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये २०१८ पासून देशभरात १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभी राहिली होती. तिथला तज्ज्ञ दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंदाज वाचून, जिल्ह्यातली पिके कोणत्या अवस्थेत आहेत ते पाहून, तालुक्यागणिक सल्ला देत असे: फवारणी दोन दिवस थांबवा, कापूस वेचून घ्या, हरभऱ्याला पाणी देऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये आदेश निघाला आणि त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस ही केंद्रे बंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हवामान अंदाज सुधारण्यासाठीच्या ‘मिशन मौसम’ या केंद्रीय योजनेला दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपये मंजूर झाले, नवे महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले, आणि पुढच्या मेमध्ये सहा किलोमीटरचे प्रारूप आले. म्हणजे जाळी बारीक होत असतानाच त्या जाळीत काय सापडले आणि काय नाही हे शेतकऱ्याला समजावणारा माणूस काढून टाकला गेला. रडार आणि महासंगणकांच्या खर्चापुढे प्रत्येक जिल्ह्यातला एक तज्ज्ञ आणि एक निरीक्षक यांचा पगार ही किरकोळ रक्कम आहे. पुढच्या खरिपाआधी ही केंद्रे पुन्हा सुरू करावीत, त्यांच्या मंगळवारच्या पत्रकात तालुक्याचा अंदाज शक्यतेच्या भाषेत द्यावा, आणि त्याच पानावर गेल्या आठवड्यात काय सांगितले होते आणि त्या तालुक्यातल्या प्रत्येक मंडळात प्रत्यक्ष किती पाऊस मोजला गेला हे दोन रकान्यांत छापावे.